चहाचा डाग पडलेला स्पीकर

१

स्पीकरचा कोन बदलायचा की राहू द्यायचा, हे ताई गिऱ्हाइकाला कधी घाईने सांगत नसे. कोन म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी असतो तो जाड कागदाचा पडदा; तो थरथरतो म्हणून आवाज निघतो. ताई आधी स्पीकर उजेडाकडे धरायची, मग दोन्ही अंगठ्यांनी पडदा हलकेच आत दाबायची आणि कान लावून खरखर होते का ते बघायची. फाटला असेल तर बदलायचा. नुसता डाग असेल तर तिचं उत्तर ठरलेलं असे.

"डाग दिसतो, वाजत नाही. घेऊन जा घरी."

अशाने धंदा कसा चालायचा, असं समोरचा शिंपी तिला वर्षानुवर्षं विचारत आला होता. त्याचा बाप तिच्या वडिलांना हेच विचारायचा. दुकान वडिलांचं होतं, हा हट्टही वडिलांचाच होता, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईला दोन्हींतलं काहीच सोडवत नव्हतं.

खाली दुकान, वर घर, मधे अरुंद लाकडी जिना. त्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ पंधरा दिवसांची रजा काढून घराला रंग द्यायला आला. रंगारी लावला असता तर चार दिवसांत काम उरकलं असतं, पण धाकट्याला हौस दांडगी. पहिल्या दिवशी त्याने भिंतीपेक्षा स्वतःलाच जास्त रंग लावून घेतला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली फडताळं हलवताना त्याला भिंतीवरचा तो लाकडी डबा दिसला आणि तो जिन्यातून ओरडला, "ताई, हे अजून चालतं का गं?"

डबा वडिलांनी बनवलेला. त्यात वीतभर स्पीकर, आणि त्याची तार भिंतीतून खाली दुकानात. दुकानातल्या टेबलावर तसाच दुसरा डबा, त्याला एक बटण. बटण दाबलं की दुकानातून बोलायचं, सोडलं की स्वयंपाकघरातलं ऐकायचं. स्पीकर उलटा जोडला तर तोच मायक्रोफोन होतो, एवढीच त्यातली करामत. बोलणं आणि ऐकणं मात्र एकदम जमत नसे. बटण दाबलेलं असेपर्यंत वरचं काहीच खाली ऐकू येत नसे, वर कोणी कितीही घसा फोडला तरी.

हे ताईला जितकं माहीत होतं तितकं जगात कोणाला माहीत नव्हतं.

२

"दुरुस्त करून टाकू," धाकटा म्हणाला. "तुझे गुडघे हे असे. मी खाली, तू वर, किंवा उलट. सारखं जिना कशाला चढायचा? आणि मी रिटायर झालो की दुकान मीच बघणार आहे. तेव्हा मला वरून चहाची हाक कोण मारणार?"

"तुला साधा फ्यूज बदलता येत नाही."

"शिकेन. तू शिकव. पण आधी हा कोन बदल बाई. बघवत नाही."

कोनाचा चांगला पाव भाग तपकिरी झाला होता. वरून खाली ओघळ आलेला, कडेला गडद रेघ. चहाचा डाग. स्पीकरच्या तोंडावर जाळीचं कापड लावायचं वडिलांच्या मनात होतं; पुढच्या आठवड्यात लावतो म्हणायचे. ते पुढचे आठवडे संपले तो दिवस म्हणजे आई गेली तो दिवस. दुपारी चारचा चहा गाळताना ती पडली. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. हातातला चहा उडाला तो या कोनावर. त्यानंतर वडील वीस-पंचवीस वर्षं जगले, दुसऱ्यांचे शेकडो कोन त्यांनी बदलले, पण या एकाला हात लावला नाही.

आईचा आवाज कुठेच शिल्लक नव्हता. दुकानात चार-चार टेपरेकॉर्डर दुरुस्तीला पडलेले असायचे, आणि वडिलांना बायकोचा आवाज एकदाही भरून ठेवावासा वाटला नाही. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याच्यापाशी आईचा एक फोटो होता आणि मावशीने हजारदा सांगितलेली एक गोष्ट. "अकरा वर्षांची पोर," मावशी डोळे पुसत सांगायची, "समोर आई पडलेली. पण आधी पेटता स्टोव्ह विझवला, मग तुला उचललं, खाली जाऊन शिंप्याला हाक मारली. मोठ्या माणसाला सुचलं नसतं. तू आज आहेस तो हिच्यामुळे."

ही गोष्ट निघाली की ताई मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटे. खरं असं होतं, की यातलं तिला काही आठवतच नव्हतं. तिला फक्त एक आगकाडी आठवायची. त्या दुपारी वडील एका गिऱ्हाइकाकडे रेडिओ पोचवायला गेले होते, ती दुकानात डब्यापुढे रेडिओची निवेदिका होऊन खेळत होती, आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तिने बटणाच्या फटीत आगकाडी खोचून ठेवली होती. अर्धा तास ती बोलत राहिली. वरून आईने हाक मारली असेल का, हे तिला सत्तेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि हे तिने कोणाला सांगितलंही नव्हतं.

तिने डागावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"रंगाचं पाणी लागलं असेल," धाकटा म्हणाला.

तसंच असणार. ताईने बोट पदराला पुसलं, आणि कोनाचं नंतर बघू, आधी तारा जोडू, असं म्हणाली.

३

शुक्रवारी तार जोडून झाली. धाकट्याने वरून बातम्या दिल्या, गाणं म्हटलं, खोकला, शिंकला. खालच्या डब्यातून सगळं लख्ख ऐकू आलं. ताईने बटण दाबून "पुरे झालं तुझं" म्हटलं तेव्हा तो वर खो-खो हसला. "अगं, किती घोगरा येतो तुझा आवाज! मावशी म्हणते ते खोटं नाही."

मावशी म्हणायची की ताईचा आवाज वयाबरोबर थेट आजीसारखा झालाय. ताईने फोन उचलला की मावशीला क्षणभर वाटायचं, आपली आईच बोलतेय. ताईने आजीला पाहिलं नव्हतं. ती ताईच्या जन्माआधीच गेली होती.

दुपारी तीनला धाकटा पुढच्या खोलीत आडवा झाला. त्याचं घोरणं जिन्यापर्यंत येत होतं. ताई टेबलापाशी एका नव्या कोनाला गोंद लावत बसली होती. तेवढ्यात शेजारच्या डब्यातून आवाज यायला लागला. फस्-फस्-फस्. थोडं थांबून पुन्हा फस्-फस्. मग भप्प झालं आणि एकसुरी घरघर सुरू झाली.

हात कामात होते, त्यामुळे कानाला तो आवाज ओळखीचा वाटला एवढंच. स्टोव्ह पेटला, आता चहा होईल, असं तिच्या मनात येऊनसुद्धा गेलं. मग गोंदाची काडी तिच्या हातात तशीच राहिली. हवा भरायचा तो पितळी स्टोव्ह भंगारात जाऊन तीस वर्षं झाली होती. वर आता विजेची शेगडी होती.

ती गुडघे धरत जिना चढली. स्वयंपाकघर रिकामं. फडताळं जुन्या चादरींनी झाकलेली, ताज्या रंगाचा वास, शेगडी गार. धाकटा पुढच्या खोलीत घोरत होता. ती खाली आली. डब्यातून घरघर चालूच होती, आणि त्या घरघरीआडून कोणी बाई गुणगुणत होती. शब्द नव्हते. दोन ओळींनंतर चाल विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

चाल विसरणारी बाई ताईला ओळखायला वेळ लागला नाही. तिचं अंग गार पडलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बटण दाबलं. "आई?"

बटण सोडल्यावर गुणगुणणं थांबलेलं होतं. कपबशी कशावर तरी टेकल्याचा आवाज आला.

"आई?" वरची बाई म्हणाली.

ताईने स्वतःची समजूत घातली, की हा आपलाच शब्द फिरून आला. जुन्या तारांत असं होतं.

४

शनिवारी तीन वाजता ती दुकानाचं दार लोटून डब्यापाशी बसली. रविवारीही. शिंप्याला वाटलं, ताईने कधी नव्हे ती वामकुक्षी सुरू केली.

ती ऐकत होती. डाळ निवडताना ताटलीत पडणारे खडे. चमचा हरवला की आईचं ते "कुठे उलथला मेला!" बाळाची वाटी फरशीवर फरफटायची, धाकट्याला तेव्हा दुसरं खेळणं चालत नसे. नळ टिपटिपत होता आणि आई त्याला शिव्या घालत होती, त्याही अशा लाडाने की नळाने सुधारण्याचं काही कारण नव्हतं. शनिवारी वेणी घालण्यावरून एक चिमुरडा आवाज भोकाड पसरून रडला. "चिमे, मान सरळ ठेव! शिंग आहे की शेंडी, हलतेय नुसती!" ताईचा हात आपोआप मानेकडे गेला. केस ओढले गेल्यासारखं दुखलं.

एवढं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. भीती वाटत होती, पण ती पलीकडे कुठेतरी उभी होती आणि ताई तिच्याकडे बघत नव्हती. आपलं डोकं फिरलं असेल, असाही विचार तिने करून पाहिला. दोन गिऱ्हाइकांचे हिशोब तिने तोंडी केले, ते बरोबर आले. मग तिने तो विचार सोडून दिला.

रविवारी आई बाळाला झोपवत होती तेव्हा तिला राहवलं नाही. बटण दाबून ती अगदी हळू म्हणाली, "कशी आहेस गं?"

बटण सोडलं तेव्हा वर कोणी हालत नव्हतं. नुसता नळ टिपटिपत होता.

संध्याकाळी तिने वर जाऊन डागाला हात लावला. तो आता ओला होताच, शिवाय कोमट झाला होता. बोट तिने नाकाशी नेलं. चहाचा वास आला, साखर जरा जास्त घातलेल्या.

"बदलतेस ना?" धाकटा ब्रश धुता धुता म्हणाला. "नवा कोन आहे म्हणालीस."

"आहे. या मापाचा एकच आहे."

"मग अडलं कुठे?"

"वाजतोय ना अजून," ताई म्हणाली.

५

सोमवारी डब्यातून पान्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वडिलांचा. नळ दुरुस्त करताना ते नेहमीच त्याच्याशी भांडायचे. ताईच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. तो नळ तिला आठवत होता. वडिलांनी सोमवारी त्याचं वायसर बदललं होतं, आणि आई गेल्यावर घर भरलं तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, सोमवारी नवऱ्याकडून नळ नीट करून घेतला आणि गुरुवारी निघून गेली.

म्हणजे वरचे दिवस पुढे सरकत होते. एका दिवसाला एक.

"ऐकता का," आई डब्यातून म्हणाली. आवाज खाली आणलेला. "त्या डब्यातून बाई बोलते."

"चिमी असेल."

"चिमी शुक्रवारी शाळेत होती, काल बाहेर खेळत होती हो. म्हातारी बाई. शुक्रवारी बोलली, काल परत बोलली. कशी आहेस म्हणाली." जरा थांबून ती म्हणाली, "माझ्या आईचा आवाज आहे."

वडील हसले. "तुझ्या आईला जिवंतपणी माझ्या दुकानाचा रस्ता सापडला नाही. आता बरी येईल!"

"हसू नका. भीती वाटते मला."

"बरं, नाही हसत. रेडिओचं स्टेशन पकडत असेल ती तार. बघतो पुढच्या आठवड्यात."

ताईने टेबलाची कड घट्ट धरली. हे तिच्या कानावर तेव्हाही आलं होतं. आईला शेवटी-शेवटी भास व्हायचे, असं मावशी कोणाला तरी सांगत होती. माहेरची गेलेली माणसं दिसायला-ऐकायला लागली की वेळ भरली समजावं, असंही त्यावर कोणी म्हणालं होतं. ती बाई कोण होती हे आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

६

मंगळवार, बुधवार तिने बटणाकडे हात नेला नाही. ऐकलं मात्र. आता ऐकण्यात आधीचं सुख राहिलं नव्हतं. आई काम करता करता मधेच थांबायची, आणि ती डब्याकडे बघते आहे हे ताईला खाली बसून कळायचं. एकदा ती डब्याच्या अगदी जवळ आली. श्वास ऐकू येत होता. ताईने आपला श्वास रोखून धरला, जणू काही तो वर पोचला असता.

गुरुवारी सकाळी ती नवा कोन, पातं आणि गोंद घेऊन वर गेली. काम अर्ध्या तासाचं होतं. कडेने पातं फिरवायचं, जुना कागद सोलून काढायचा, नवा बसवायचा. जुना कोन गेला की डब्यातली दुपारही गेली असती. आईला त्या दिवशी तरी कसली बाई ऐकू आली नसती. निदान घाबरून तरी गेली नसती ती.

पण मग आईने हाक मारली होती की नाही, हे ताईला कधीच कळलं नसतं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीपायी ती झोपेतून दचकून उठली, ती आज चार वाजता ऐकायला मिळणार होती. आणि हातात पातं होतं.

तिने पातं कोनाच्या कडेला टेकवलं. डागातून ऊब हाताला लागली. कागदावर वाफेचे बारीक थेंब धरले होते.

"बोलायचं नाही," ती स्वतःशी म्हणाली. "फक्त ऐकायचं. तोंड उघडायचं नाही. मग संध्याकाळी कापू."

"कोणाशी बोलतेस?" धाकट्याने विचारलं.

"तुझ्याशीच. रंग कमी पडणार आहे. तीन वाजता जा आणि एक डबा घेऊन ये. सावकाश ये."

७

चारला दहा कमी असताना स्टोव्ह पेटला. बाळाची वाटी फरशीवरून फिरत होती. आणि मग, सगळ्याच्या वर, एक चिरका, मिजासखोर आवाज डब्यातून यायला लागला.

"नमस्कार. आता ऐका ताज्या बातम्या. आमच्या शिंपीकाकांनी आज एका माणसाच्या पँटला तीन पाय शिवले."

आई हसली. मनापासून, कप हातात असताना हसू नये तशी. "ऐकलंस का रे छोट्या? ताई बातम्या देतेय."

ताईने तोंडावर हात दाबला. आईला ते ऐकू येत होतं. अर्धा तास आपण बोलत होतो ते ती ऐकत होती. ती एकटी नव्हती. सत्तेचाळीस वर्षांत तिला हे एकदाही सुचलं नव्हतं.

बातम्या संपून हवामान सुरू झालं. कपबशी खडखडली. "चिमे," आई म्हणाली. मग जरा वेळाने, जड जिभेने, "चिमे, वर ये गं जरा."

"उद्या आकाश निळं राहील," मुलगी म्हणाली.

"चिमे. ये ना."

म्हणजे हाक मारली होती. ताई रडत होती, आणि मोजत होती. तीन हाका. चौथी आली तेव्हा तिला शब्दही नव्हते, नुसता सूर होता, वर जाणारा, वाट बघणारा. आजवर त्या हाकेला कोणीच ओ दिली नव्हती. बोलायचं नाही हे ताईला चांगलं आठवत होतं. तिने बटण दाबलं.

"आहे आई. मी आहे."

बटण सोडायला तिला फार धीर करावा लागला.

"आलीस?" आई म्हणाली. त्या आवाजात भीती होती की नव्हती, हे ताई पुढे कितीही वेळा आठवून बघणार होती. "बरं झालं."

मग कप पडला. डब्यात काहीतरी सपकन आदळलं, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी जड, फरशीवर.

"आमचं आजचं प्रसारण इथे संपलं," मुलगी ऐटीत म्हणाली. बटणातली आगकाडी उपसल्याची कट्ट. जिन्यावर पावलं, एक पायरी गाळून चढणारी. "आई, चहा—"

पुढे काही नाही.

स्टोव्ह घरघरत होता. ताई थांबली. आता पोर स्टोव्ह विझवेल. मावशीने हजारदा सांगितलंय. आता विझवेल. पण वर फक्त एक श्वास ऐकू येत होता, उथळ, भराभर. बाळाची वाटी फरशीवरून सरकत होती. सरकता सरकता ती घरघरीच्या जवळ जात होती. मग जळक्या कापडाचा वास आला; तो डब्यातून आला की जिन्यातून, हे ताईला सांगता आलं नसतं. पोर हलत नव्हती. ती हलणारच नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीला असलं काही सुचत नसतं.

ताईचा अंगठा बटणावर गेला. आवाज तिने जमेल तेवढा शांत काढला. गिऱ्हाइकाला सांगावं तसा.

"चिमे, इकडे ऐक. घाबरू नकोस. स्टोव्हची चावी सैल कर, हवा जाऊ दे. जळतं फडकं पायाने बाजूला सार. शाब्बास. आता छोट्याला उचल. आईकडे बघू नकोस बाळा. खाली जा आणि शिंपीकाकांना हाक मार."

तिने बटण सोडलं. फुस्स करत घरघर बसत गेली. वाटी खणकन पडली, बाळ रडायला लागलं, आणि पावलं निघाली. डब्यातून पावलं आली आणि पाठीमागच्या जिन्यावरूनही आली, त्याच तालात, बाळाच्या वजनाने जड झालेली. ताईने मान वळवली नाही. तिच्या खुर्चीमागून काहीतरी घाईघाईने गेलं, रॉकेलचा आणि चहाचा वास मागे ठेवून, आणि लोटलेलं दार उघडून रस्त्याचं ऊन आत आलं.

दारात धाकटा उभा होता, रंगाचा डबा घेऊन.

"वाऱ्याने उघडलं वाटतं," तो म्हणाला. "काय झालं? रडतेस का?"

ताई उठून त्याच्या गळ्यात पडली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला ते जरा अवघड झालं, पण त्याने रंगाचा डबा सांभाळत तिला रडू दिलं.

८

संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसले. भिंती सुकल्या होत्या. ताईने डागाला हात लावून पाहिला. तो कोरडा होता, गार, जुन्या कागदासारखा खरबरीत. खाली दुकान तिने स्वतः कुलूप लावून बंद केलं होतं.

धाकट्याने नव्या कोनाचं खोकं तिच्यासमोर सरकवलं. "मग? ठरलं का एकदाचं?"

"ठरलं," ती म्हणाली. "लावून टाकू. काम झालं त्याचं."

खरंच झालं होतं. आता त्या कागदाला धरून बसण्यात अर्थ नव्हता. तिने खोकं उघडलं, पातं घेतलं, आणि चहाचा शेवटचा घोट संपवून मग उठावं म्हणून कप उचलला. तेवढ्यात भिंतीवरचा डबा कट्ट वाजला, खाली कोणी बटण दाबल्यावर वाजतो तसा.

"ताई," डबा म्हणाला. "आहेस का गं?"

आवाज धाकट्याचा होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. फक्त तो फार थकलेला होता, एकेका शब्दानंतर दम खाणारा, पांढऱ्या केसांच्या माणसाचा. धाकटा तिच्या समोर बसून बशीत फुंकर घालत होता. त्याचे केस काळे होते. त्याने मान वर केली नाही.

ताईच्या हातातला चहा काठापर्यंत हिंदकळला. तिने दोन्ही हातांनी कप खाली ठेवला, डब्यापासून लांब. आईला पहिल्यांदा आवाज आला तो शुक्रवार ते ती गेली तो गुरुवार, किती दिवस होतात, हे तिला बोटांवर मोजायची गरज नव्हती. ती घाबरली. आई घाबरली असेल तशीच घाबरली. पण बटण सोडून खाली कान देऊन बसलेल्या माणसाचं काय होतं, हेही तिला कालपर्यंत माहीत नव्हतं आणि आज माहीत होतं.

"आहे रे," ती डब्याकडे बघून म्हणाली. "इथेच आहे मी."

धाकट्याने बशी खाली ठेवली. "मी कुठे काय बोललो?"

"काही नाही." ताईने पातं मिटवलं आणि नवा कोन पुन्हा खोक्यात घातला. "एक सांगून ठेवते, विसरू नकोस. पुढे दुकान तुझ्याकडे आलं, की हा कोन बदलायचा नाही."